अंगडी दवाखान्यातली आयुधपूजा

डॉक्टर प्रभुलिंग अंगडी यांच्या दवाखान्यापेक्षा त्यावरचा फलक रुंद होता. फलकावर डॉक्टरांचा फोटो, तोंडाला मास्क, आणि मास्क नाकाच्या खाली. नाक झाकलं तर दावणगेरेतल्या लोकांनी आपल्याला ओळखायचं कसं, ही त्यांची अडचण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रुग्णसुरक्षा सप्ताह. जिल्ह्यातला पहिला शंभर टक्के निर्जंतुक दवाखाना.' दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, दारात फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवाने माखलेला लगदा, आणि त्या लगद्यावर घोंगावणाऱ्या माश्या.

विजयादशमीच्या सकाळी दाक्षायणी रिक्षातून उतरली ती हे सगळं बघत. ती अंगड्यांची धाकटी सून. ती स्वतःही दातांचीच डॉक्टर, याच दवाखान्यात बसणारी, आणि तीही गुणांवर जागा मिळवून झालेली. प्रभुलिंग तिचे थोरले दीर. त्यांना कशावर जागा मिळाली होती हे घरात कुणी बोलत नसे. चारचौघांत ती त्यांना भावोजी म्हणायची, पदर सावरायची, आणि मनात म्हणायची की हा माणूस पाट्या रंगवायच्या धंद्यात पडला असता तर कितीतरी लोकांचे दात वाचले असते.

लगदा ओलांडून ती आत गेली. आत गेल्या गेल्या समोर काच. काचेमागे नवं वाफेचं यंत्र. या यंत्रासाठी ती दोन वर्षं घसा कोरडा करत होती. जुन्या यंत्राचं रबर चिरलं होतं, वाफ बाजूने फुसफुसत निघून जायची, आणि प्रभुलिंग म्हणायचे, "अगं, गरम तर होतंय ना?" पालथ्या घड्यावर पाणी. मग समोरच्या गल्लीत हरिहरच्या एका तरण्या पोराने दवाखाना थाटला, काचेमागे चकचकीत यंत्र ठेवलं, आणि लोक येता-जाता थांबून बघायला लागले. त्याच आठवड्यात प्रभुलिंगांना जंतूंचा साक्षात्कार झाला. त्यांनी त्या पोरापेक्षा मोठं यंत्र आणलं आणि त्यापेक्षा मोठी काच लावली. दाक्षायणीने मनातल्या मनात त्या पोराचे आभार मानले होते. शहाणपण येवो न येवो, मत्सर तरी आला.

आज त्या यंत्राला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधले होते. दाराच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू, माथ्यावर नारळ ठेवलेला कलश आणि बेलाची पानं. यात तिला काही वावगं वाटलं नाही. कालच्या खंडेनवमीला ती नवऱ्याबरोबर हरिहरच्या भातगिरणीत होती, तिथेही यंत्रांची पूजा अशीच झाली होती. हत्यारामुळे माणूस पोट भरतो, त्याने वर्षातून एकदा हत्यारापुढे हात जोडले तर बिघडलं कुठे? आजही ती हात जोडूनच आत शिरली. पण ती लवकर आली होती ती वेगळ्याच कामाला.

आज तिच्या वडिलांचा दात काढायचा होता. चन्नवीरप्पांची चुरमुऱ्यांची भट्टी होती, सगळा जन्म धगीपुढे गेलेला. दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूला त्यांच्या काळजाची एक झडप बदलली होती. आता खालची दाढ हलत होती, हिरडीत पू होता. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी दाक्षायणीला फोनवर बजावलं होतं, "दात काढायलाच हवा, पण तोंडातली नाहीतर हत्यारावरची घाण रक्तातून त्या झडपेवर जाऊन बसली, तर मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही." तिने औषधं, तपासण्या, सगळं नीट लावलं होतं. दसरा उलटल्यावर, गर्दी नसताना, स्वतःच्या हाताने ती हे करणार होती.

प्रभुलिंगांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी परस्पर चन्नवीरप्पांना फोन लावला. "मामा, सप्ताहाचा पहिला मान तुमचा! विजयादशमीचा मुहूर्त, केबलवाला शूटिंगला येणार, घरच्या माणसापासून सुरुवात." आणि चन्नवीरप्पा हो म्हणाले. ते कशाला नाही म्हणतील? मुलीचा बाप. लग्नाला आठ वर्षं झाली तरी अंगड्यांच्या घरी कुणी बसा म्हटल्याशिवाय ते खुर्चीला टेकत नसत.

निदान हत्यारं तरी आपल्या हातची असावीत म्हणून दाक्षायणीने अष्टमीला संध्याकाळी, निघण्यापूर्वी, एक संच धुऊन, पाकिटात बंद करून नव्या यंत्रातून काढला होता. पाकिटावर पेनने 'अप्पा' असं लिहून वरच्या खणात ठेवला होता. आता तिने तो खण उघडला.

खण पाकिटांनी गच्च भरलेला होता, पण 'अप्पा' कुठेच नव्हतं. सगळी पाकिटं नवी, कोरी, नीट चिकटवलेली. तिने एक उचलून उजेडात धरलं. या पाकिटांच्या कडेला एक गुलाबी बाण छापलेला असतो. पुरेशी वाफ लागली की तो काळपट तपकिरी होतो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून केलेली सोय. या पाकिटावरचा बाण नवरीच्या साडीसारखा गुलाबी होता. तिने दुसरं काढलं, तिसरं काढलं, मग खणच बाहेर ओढला. सगळे बाण गुलाबी. एका चिमट्याच्या खाचेत हळद दिसत होती.

"हालम्मा!"

दवाखान्यातली मदतनीस हालम्मा हातातला झाडू टाकून आली. डोक्यात शेवंतीचा हात-हातभर गजरा, चेहऱ्यावर सणाचा आनंद.

"ही पाकिटं कुणी बदलली?"

"बदलली नाहीत अक्का, उघडली. काल पूजेला!" हालम्माने कौतुकाने सांगितलं. "पूजा सांगणारे अय्या म्हणाले, पाकिटावरनं कुंकू लावलं तर चालेल. पण सर म्हणाले, छे, प्लास्टिकच्या आत देवीचा आशीर्वाद पोचणार कसा? सगळी फाडून केळीच्या पानावर मांडली. काय दिसत होतं म्हणून सांगू! चांदीच्या भांड्यांच्या दुकानावानी. सरांनी फोटोपण काढले. पाकिटात चमक येत नाही ना फोटोला."

"आणि मग?"

"मग प्रत्येकाला हळद-कुंकू, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, आरती, कापूर. मी प्रसाद घेऊन घरी गेले. परत पाकिटात सरांनी भरली. स्वतः बसून. मी म्हटलं मी भरते, तर म्हणाले, नको, तू जा, सण आहे तुझा."

"यंत्रात नाही घातली?"

हालम्माने जीभ चावली. "असं कसं अक्का? पूजेला बसलेलं यंत्र कुणी चालवतं का? आज उत्तरपूजा झाल्यावरच त्याला हात लावायचा."

दाक्षायणीने कचऱ्याची बादली ओढली. सुकलेल्या केळीच्या पानाखाली फाटकी पाकिटं होती, त्यात तिच्याच अक्षरातलं 'अप्पा' होतं. तिला आधी हसूच आलं. दोन वर्षं भांडून आणलेलं यंत्र, आणि त्याच्याच पूजेपायी त्याने केलेलं काम पुसून टाकलं. मग बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अप्पांचा खोकला.

प्रभुलिंग त्यांच्याबरोबरच आले. रेशमी धोतर, त्यावर पांढरा डॉक्टरी कोट, नाकाखाली मास्क, कपाळभर विभूती. असा वेष करायला माणसाला नाट्यमंडळी लागते, यांना ती कधी लागली नाही. दाक्षायणीने त्यांना काचेआड बोलावलं.

"भावोजी, खणातलं एकही हत्यार निर्जंतुक नाही. बाण बघा."

"नवीन पाकीट आहे ना? चिकटवलंय ना? मग?"

"पाकिटाने जंतू मरत नाहीत. वाफेने मरतात. आत्ता यंत्र लावते, तासाभरात होईल."

"कलश हलवणार तू?" त्यांनी डोळे मोठे केले. "अय्या साडेअकराला येतायत. तोवर बोट लावायचं नाही. घरात काही अरिष्ट आलं तर सासूला काय सांगशील?"

"मग अप्पांचा दात उद्या काढू."

"उद्या केबलवाला येईल? सणाचा दिवस आहे म्हणून येतोय तो. दहाला येऊन निघणार आहे, त्याला पुढे कापडगिरणीतल्या पूजेला जायचंय." मग त्यांनी आवाज मऊ केला, जसा ते घाबरलेल्या रोग्यापुढे करायचे. "दाक्षायणी, तू शिकलेली आहेस, मान्य. पण जरा श्रद्धा ठेव. पूजा झालेल्या हत्याराने आजवर कुणाचं वाईट झालंय?"

मूर्ख, तिने मनात म्हटलं. निव्वळ मूर्ख. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हा माणूस रुग्णसुरक्षेवर भाषण देणार आणि याला पाकीट आणि प्रसाद यांतला फरक कळत नाही. पण मूर्खाचा राग तरी किती करायचा? मूर्खाला बाजूला सारून काम करायचं असतं. ती बाहेर अप्पांकडे गेली.

चन्नवीरप्पा बाकावर नव्हे, बाकाशेजारी उभे होते. पांढरं धोतर, नवा सदरा, हातात व्याह्यांसाठी आणलेला केळ्यांचा घड.

"अप्पा, आज दात नाही काढायचा. घरी चला."

"का गं?"

"हत्यारं स्वच्छ नाहीत."

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. "दाक्षी, हळू बोल. डॉक्टरांनी एवढा मान दिलाय. माणसं जमलीत. आत्ता मी उठून गेलो तर काय शोभा?"

"तुमच्या झडपेवर जंतू बसले तर कसली शोभा?"

"बसायचं ते बसेल. तुला त्यांच्या घरात नांदायचंय." आणि मग, समजूत घातल्यासारखं, "ते पण डॉक्टरच आहेत की. वाईट कशाला करतील?"

ते पण डॉक्टरच. भावोजींच्या पदवीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं खरं. माणूस मरायला तयार होतो पण व्याह्यांची खुर्ची रिकामी ठेवायला तयार होत नाही, या आपल्याच बापाच्या भलेपणाचाही तिला त्या क्षणी राग आला.

केबलवाला आला, त्याने दिवा लावला. आजूबाजूचे दुकानदार दारात गोळा झाले, बन्नीची म्हणजे शमीची पानं एकमेकांच्या हातात देत, सोन्यासारखे राहा म्हणत. चन्नवीरप्पांना खुर्चीत निजवलं. गळ्याभोवती निळा कागदी रुमाल बांधला. दाक्षायणी मदतनीस म्हणून शेजारी उभी राहिली, हातमोजे चढवून, कारण निदान तिथे उभं राहिलं तर काहीतरी करता येईल असं तिला वाटत होतं. काय, ते तिला ठाऊक नव्हतं.

प्रभुलिंगांनी घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, दातांच्या दवाखान्यातून रोग पसरतात. एकाच्या तोंडातलं हत्यार दुसऱ्याच्या तोंडात! किती भयंकर!" दुकानदारांनी माना हलवल्या. "आमच्याकडे तसं चालत नाही. आमच्याकडे प्रत्येकाला नवं पाकीट, तुमच्या डोळ्यांसमोर उघडलेलं. आणि हे बघा, रोगी कोण? माझ्या घरचे मामा. यांच्या काळजाचं ऑपरेशन झालंय. अशा नाजूक रोग्यालाही आमच्याकडे धोका नाही!"

त्यांनी खणातलं एक पाकीट उचललं आणि केबलवाल्याच्या दिव्यासमोर धरलं, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, दागिना दाखवावा तसं. आणि दाक्षायणीच्या लक्षात आलं की पाकीट कसंही फिरवलं तरी त्यांचा अंगठा एकाच जागी आहे. कडेला. बाणावर.

तिला आधी तो योगायोग वाटला. त्यांनी पाकीट दुसऱ्या हातात घेतलं. दुसरा अंगठाही तिथेच गेला.

"भावोजी," ती म्हणाली, "अंगठा काढा."

"काय?"

"अंगठा काढा. खालचा बाण दाखवा लोकांना."

प्रभुलिंग हसले. "आमची धाकटी सूनबाई. फार शिस्तीची! बाण काय, ते कंपनीचं चिन्ह असतं." आणि त्यांनी फर्रकन पाकीट फाडलं, बाणासकट तो तुकडा कोटाच्या खिशात घातला आणि हत्यारं ताटात ओतली.

"ही हत्यारं वाफेतून काढलेली नाहीत," दाक्षायणी मोठ्याने म्हणाली. "काल पूजेला उघडली ती तशीच भरलीत."

दारातल्या एका कापडवाल्याने हात जोडले. "पूजेची आहेत का? मग तर प्रसादच झाला की अम्मा."

"बघ!" प्रभुलिंग म्हणाले.

"दाक्षी," खुर्चीतून अप्पांचा आवाज आला, "गप्प बैस. मोठ्या माणसांपुढे असं बोलतात?" आणि त्यांनी दिव्याच्या प्रकाशात डोळे मिटून तोंड उघडलं. उघडलेल्या तोंडात ती सुजलेली हिरडी दिसत होती. प्रभुलिंगांनी टोकदार सळई उचलली.

त्या जमलेल्या लोकांना जंतू समजावून सांगायला तिला महिना लागला असता, आणि तिच्याकडे सळई ताटातून हिरडीपर्यंत जाईल एवढाच वेळ होता. तिने हात पुढे करून ती सळई त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली. मदतनीसाने घ्यावी तशीच घेतली, म्हणून त्यांनी दिली.

"खरंच चुकलं माझं," ती म्हणाली. "पूजेच्या हत्याराचा पहिला मान घरच्या कर्त्या माणसाचा. अप्पांचा नव्हे. भावोजी, आधी तुम्ही. बसा या स्टुलावर."

"मला काय झालंय?"

"काही नाही. दात काढायचा नाही, काही नाही. हिरडीला नुसतं टेकवते. मग अप्पांचं करू. चांगलं दिसेल केबलवर."

"हां, हे छान!" केबलवाला म्हणाला आणि त्याने दिवा वळवला.

दारातले लोक हसले, टाळ्या वाजवल्या. "बसा डॉक्टर, बसा!" प्रभुलिंगही हसले. ते हसत हसत स्टुलावर टेकले, हसत हसत त्यांनी मास्क खाली ओढला. दाक्षायणीने सळई पुढे केली. अजून ओठापर्यंत ती पोचलीही नव्हती, तोच त्यांनी मान मागे फेकली, तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, "ए, नको! त्यात परवाची न धुतलेली पण आहेत!"

केबलवाल्याचा दिवा त्यांच्या तोंडावर तसाच होता.

दाक्षायणीचं मनगट त्यांच्या हातात होतं आणि तिला सगळं एकदम कळलं. अष्टमीला दिवसभर लोकांच्या तोंडात फिरलेली, रक्ता-लाळेची हत्यारं यांनी फोटोत पान भरलेलं दिसावं म्हणून मांडली होती. हालम्माला घरी पाठवून, एकट्याने बसून, सगळी एकत्र पाकिटांत भरली होती. आठ वर्षं ती या माणसाला मूर्ख समजत आली होती, आणि मूर्ख समजून निभावत आली होती. हा मूर्ख नव्हता. याला बाण कळत होता, झडप कळत होती. स्वतःची हिरडी तर फारच चांगली कळत होती. मूर्खाची कीव तरी करता येते, याची तीही करायची सोय उरली नव्हती.

"तसं नाही," प्रभुलिंग म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट सोडलं. "म्हणजे, पुसलीत सगळी. स्पिरिटने. मी म्हणालो ते..."

चन्नवीरप्पा खुर्चीत उठून बसले होते. ते प्रभुलिंगांकडे बघत होते, एखाद्याची ओळख पटत नसेल तसे.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"मामा, ऐका तर..."

"मी तोंड उघडून पडलो होतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी पोर ओरडत होती, आणि मी तिलाच गप्प केलं. तुमच्या शब्दाखातर."

ते खुर्चीतून उतरले. पायात चपला सरकवल्या. लोकांनी वाट दिली. ते बाहेर जाऊन रिक्षा करतील असं सगळ्यांना वाटलं, पण ते पायरीवरच बसले, गळ्यात तो निळा कागदी रुमाल तसाच. सणाच्या दिवशीही दातदुखी थांबत नाही, त्यामुळे लोक येत होते. एक बाई मुलाचा गाल धरून आली. चन्नवीरप्पांनी तिला नमस्कार केला आणि नेहमीच्याच नम्र आवाजात सांगितलं, "आज आत जाऊ नका ताई. हत्यारं धुतलेली नाहीत. डॉक्टर स्वतःच म्हणालेत." बाईने आत डोकावलं, मुलाचा हात धरला आणि मागे फिरली. मागून एक म्हातारा आला, त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. केबलवाला बाहेर येऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला, तर त्यालाही तेच सांगितलं, सावकाश, एकेक शब्द.

आत हालम्मा पदर तोंडाला लावून रडत होती. "मला काय ठाऊक अक्का, मला त्यांनीच सांगितलं." दाक्षायणीने तिला पाणी दिलं. मग ती काचेमागे गेली, यंत्रावरचा कलश दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला, नमस्कार केला, केळीचे खुंट सोडले आणि यंत्राचा दरवाजा उघडला. खणातली पाकिटं एकेक करून फाडायला लागली. धुवायला बरंच होतं.

प्रभुलिंग काचेच्या पलीकडून आले. कपाळावरची विभूती घामाने ओघळून भुवयांत उतरली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याशी खालच्या आवाजात बोलले.

"दाक्षायणी, तेवढं अप्पांना आत बोलाव. रस्त्यावर तमाशा चाललाय. शेवटी आपल्याच घराची अब्रू ना?"

तिने मान वर केली. ती सळई तिने धुवायला नुकतीच हातात घेतली होती.

"बोलावते की," ती म्हणाली. "आधी तोंड उघडा."